पावसाळ्यात रोजची सायकल घरच्या घरी कशी सांभाळायची

खंडेनवमीला आमच्या सोसायटीत सगळ्या गाड्या धुतात, सायकलींनाही झेंडूचा हार पडतो, हळदकुंकू लागतं, आणि दरवर्षी बघते तर निम्म्या सायकलींची चेन तांबूस झालेली असते, टायर दाबला की अंगठा आत जातो. चार महिन्यांचा पाऊस अंगावर घेतलेला असतो त्यांनी आणि तोवर कोणी बघितलेलं नसतं. म्हणून यंदा दसऱ्याची वाट न बघता भर पावसातच लिहायला बसले.

मी पुण्यात वारजे ते कॅम्प रोज सायकलने जाते, जाऊन येऊन वीस-बावीस किलोमीटर होतात, सहा वर्षं झाली. घरात तीन सायकली आहेत, माझी हायब्रिड (७०० बाय ३५ चे टायर, मागे ७ गिअर, आणि व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबराने धरणारे), मुलाची २६ इंची डिस्क ब्रेकवाली, आणि बाबांची काळी २२ इंची, जिच्यावरून ते कसब्यातून खडकीला फॅक्टरीत जायचे. बाबांनी एकच क्रम शिकवला होता, आधी हवा, मग चेन, मग ब्रेक, आणि हे तीन झाल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. मी आजही रविवारी सकाळी याच क्रमाने जाते आणि तीनही सायकली मिळून पाऊण तासात आटपतं. कुणाला वाटेल दुकानात देऊन मोकळं व्हावं, पण सर्व्हिसिंग वर्षातून एक-दोनदा होतं आणि सायकल खराब होते ती मधल्या दिवसांत.

हवा

पंक्चर नसतानाही ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतच असते, रबरच तसं असतं, आणि टायर जितका बारीक तितकी ती लवकर कमी झालेली कळते. त्यामुळे आठवड्यातून एकदा हवा भरायचीच, ‘चालतंय अजून’ म्हणायचं नाही. किती भरायची ते टायरच्या बाजूला उठावाच्या अक्षरात लिहिलेलं असतं, बोटाने धूळ पुसून बघा. माझ्या टायरवर ५० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे आणि माझं वजन साठच्या आसपास, तर मी मागे ६० आणि पुढे ५५ ठेवते, मागच्या चाकावर भार जास्त येतो म्हणून. मुलाच्या जाड टायरला ४० पुरते. पाऊस असेल तर मी दोन्हीकडे पाचेक पीएसआय कमी ठेवते, टायर रस्त्यावर जरा जास्त टेकतो आणि वळताना धीर येतो. पण त्याहून खाली जाऊ नका, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

अंगठ्याने दाबून अंदाज येतो असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे, पण मीटरवाला पंप आणल्यावर कळलं की माझा अंदाज वीस-वीस पीएसआयने चुकत होता. पहिली खरेदी करायची तर हेल्मेटनंतर हाच पंप घ्या, उभं राहून मारायचा, मीटरवाला. घ्यायच्या आधी आपला वॉल्व्ह बघा. मोटरसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, पण तिथली हवा झपकन जाते आणि सायकलची ट्यूब छोटी, त्यामुळे थोडी थोडी भरून बघत जायचं. बारीक, वर छोटी नट असलेला वॉल्व्ह असेल तर ती नट आधी सैल करायची, मग भरायची, मग परत आवळायची. आणि काळ्या सायकलींना असतो तो जुना वॉल्व्ह, त्याच्या आत बारीक रबरी वाल ट्यूब असते, ती सुकून चिरली की हवा राहत नाही आणि माणूस उगाच पंक्चर शोधत बसतो. वाल ट्यूबचा एक तुकडा पाकिटात असू द्या, अगदी किरकोळ पैशात मिळतो.

ट्यूब-टायर आणताना ‘२६ ची द्या’ एवढ्यावर जाऊ नका. टायरवर ३७-६२२ असे काहीतरी आकडे असतात, त्यातला दुसरा आकडा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि तो जुळायलाच लागतो. ७०० च्या आणि २९ इंची सायकलींना ६२२, साडेसत्तावीसला ५८४, नेहमीच्या २६ इंची एमटीबीला (माउंटन बाइकला) ५५९, आणि बाबांच्या काळ्या सायकलीला ६३५. तिला २२ इंची म्हणतात ते फ्रेमवरून, चाक २८ बाय दीडचं असतं, त्यामुळे दुकानात जाऊन २२ चा टायर मागितला की गोंधळ होतो.

चेन

इथे जरा जास्त लिहिणार आहे, कारण पावसाळ्यात सायकलीचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि थांबवायलाही सगळ्यात सोपं हेच आहे. दोन वर्षांपूर्वी म्हात्रे पुलावर ऐन पावसात माझी चेन तुटली, मागे बस, आणि पाय एकदम रिकामा फिरला. पडले नाही हे नशीब. घरी येऊन बघितलं तर कड्या गंजून जाम झाल्या होत्या, मी तीन आठवडे फडकंसुद्धा लावलं नव्हतं. तेव्हापासून पावसातून आले की आधी चेन पुसते आणि मगच चहा.

रोजचं काम दोन मिनिटांचं. जुन्या बनियनचा तुकडा घ्यायचा, चेन खालच्या बाजूला मुठीत धरायची आणि पायडल उलटं फिरवत राहायचं, फडक्यावर काळं उतरायचं कमी होईपर्यंत. भिजलेली चेन तशीच रात्रभर ठेवली तर सकाळी तांबूस दिसते, एका रात्रीत.

आठवड्याचं काम असं. सायकल भिंतीला टेकवा किंवा डबल स्टँडवर घ्या आणि खाली रद्दी पसरा. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाका, जुना टूथब्रश बुडवून चेनच्या चारी बाजू, मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्या) आणि डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) दोन छोटी चाकं घासा. फ्रीव्हीलच्या दात्यांमधली घाण ब्रशने निघत नाही, त्याला फडक्याची कड दोन दात्यांच्या मध्ये घालून पुढे-मागे ओढायची, बूट पुसतात तशी. चेन फारच चिकट झाली असेल तर ब्रशला थोडं डिझेल किंवा रॉकेल लावा, पण हे गच्चीत नाहीतर खाली मोकळ्यावर, गॅसजवळ नको, आणि उरलेलं काळं डिझेल मोरीत ओतू नका, बाटलीत भरून ठेवा, काळं खाली बसलं की वरचं पुढच्या वेळी वापरता येतं. मग साध्या पाण्याने धुवायचं, मगभर पाणी पुरतं. पाइपचा जोरदार फवारा, आणि वॉशिंग सेंटरचा तर मुळीच नको, तो चाकाच्या मधल्या आणि पायडलजवळच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो, आतलं ग्रीस धुऊन जातं आणि छर्रे गंजतात. बाहेरून सायकल चकाचक दिसते आणि महिन्याभरात आतून करकर सुरू होते.

आता पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या चेनवर तेल घातलं तर ते आत जातच नाही. पुसून अर्धा तास पंख्याखाली ठेवली की होतं काम.

मग तेल. चेनच्या प्रत्येक कडीत एक छोटा रोळ असतो, तेल त्याच्या आत जायला हवं, बाहेरच्या पट्ट्यांवर तेलाचा काही उपयोग नाही. चेनच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोळावर एक एक थेंब टाकत जा, शंभरच्या वर कड्या असतात, तीन-चार मिनिटं जातात. पायडल वीस-तीस वेळा उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा, आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. हे पुसणं बहुतेक जण सोडून देतात. वर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि ती धूळ आत जाऊन चेन पॉलिश पेपरसारखी घासते.

कुठलं तेल हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. पावसाळ्यात चेनचं वेट ल्यूब, उन्हाळ्यात ड्राय ल्यूब, सायकलच्या दुकानात दोन्ही मिळतात आणि छोटी बाटली खूप महिने जाते. शिवणयंत्राचं तेल फार पातळ, पहिल्या सरीतच धुऊन जातं, ते ब्रेकच्या वायरींना आणि लिव्हरच्या सांध्यांना ठेवा. खोबरेल तेल चुकूनही नको, चोविसेक अंशांच्या खाली ते गोठतं आणि पुण्याच्या थंडीत चेनमध्ये लोणी भरल्यासारखं होतं. जेवणातलं तेलही नको, ते काही दिवसांत चिकट राळेसारखं होतं. इंजिन ऑइल एका मेकॅनिकने मला एकदा घालून दिलं होतं, आठ दिवसांत चेनवर काळा चिखल. आणि डब्ल्यूडी-४० चा तो निळा-पिवळा डबा, तो पाणी हटवायला आणि गंजलेला नट सोडवायला छान आहे पण त्याचं वंगण टिकत नाही, तो मारून लगेच कोरडं पुसायचं आणि वर चेनचं तेल घालायचंच.

चेन कधी बदलायची तेही घरी कळतं. स्टीलचा मेजरिंग टेप घ्या (शिवणाचा कापडी नको, तो ताणला जातो), चेन ताणलेली असताना एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि चोविसाव्या पिनपर्यंत मोजा, जिथून सुरू केली ती पिन सोडून. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. अर्धा सूत जास्त भरली, म्हणजे एक सोळांश इंच, तर चेन बदला. एक सूत जास्त झाली तर बहुधा मागचं फ्रीव्हीलही गेलेलं असतं, कारण लांब झालेली चेन दात्यांना खात जाते, आणि मग नुसती नवी चेन टाकली की ती जोरात पायडल मारताना उड्या मारते. वेळेवर चेन बदलली की फ्रीव्हील वाचतं, एवढा साधा हिशोब आहे.

ब्रेक

लिव्हर दाबा. हँडलला टेकायच्या आत, साधारण निम्म्यावर, चाक घट्ट धरलं पाहिजे. जास्त आत जात असेल तर लिव्हरजवळ वायर जिथे शिरते तिथे हाताने फिरणारा छोटा गोल अॅडजस्टर असतो, तो एक-दोन फेरे बाहेर काढा म्हणजे वायर ताणली जाते, मग त्याची चकती आवळून टाका.

ब्रेकच्या रबरांना खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की रबर संपलं. पावसात हे रबर उन्हाळ्याच्या कितीतरी पट वेगाने झिजतं, कारण रिमवरची रेती त्याला खरवडत असते, म्हणून जून ते सप्टेंबर दर रविवारी बघायचंच. रबरात बारीक खडे, अॅल्युमिनियमचे कण रुतलेले दिसले तर सेफ्टी पिनने टोकरून काढा, पॉलिश पेपर हलकेच फिरवा, आणि रिम लिक्विडच्या पाण्याने पुसून घ्या. ब्रेक दाबल्यावर किंचाळत असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच थांबतो. रबर परत बसवताना ते पूर्ण रिमवरच टेकतंय ना ते वाकून बघा, जरा वर गेलं तर टायर कापतं, खाली गेलं तर रिमवरून घसरून तारांमध्ये जायची भीती.

रिमवरचे ब्रेक ओले असताना पहिला फेरा-दोन फेरे पकडत नाहीत, आधी पाणी पुसलं जातं आणि मग धरतात. त्यामुळे पावसात सिग्नलच्या बऱ्याच आधीपासून हलके हलके दाबत यायचं. बाबांच्या सायकलीला स्टीलची रिम आणि सळईचे ब्रेक आहेत, तिला तर पावसात याहून दुप्पट अंतर द्यावं लागतं, मुलाला मी ती पावसात देतच नाही.

डिस्क ब्रेक असेल तर एकच गोष्ट पाळा, डिस्कला तेलाचा हात लावू नका, चेनला स्प्रे मारताना तर डिस्कवर फडकं टाकूनच मारा. तेल पॅडमध्ये मुरलं की बहुतेक वेळा पॅड बदलावेच लागतात. नुसती डिस्क तेलकट झाली असेल तर मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं त्याने पुसा.

हे तीन झालं की मी सायकल दोन-तीन इंच उचलून आपटते, खळखळ आली की कुठेतरी नट सैल आहे, बऱ्याचदा मडगार्ड किंवा कॅरियर. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवते, हँडलच्या दांड्यात ठक-ठक जाणवली तर तिथलं बेअरिंग सैल.

पंक्चर

पुण्यात रस्त्याकडेला पंक्चरवाले आहेत, पण रात्री आठनंतर पावसात शोधून बघा. मी बॅगेत दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, एक जास्तीची ट्यूब आणि छोटा पंप ठेवते. रस्त्यावर ट्यूब बदलायची आणि पंक्चर घरी निवांत काढायचं, भर पावसात पॅच चिकटत नाही.

मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात छोट्या दात्यावर आणा, व्ही-ब्रेकचा वाकडा पाइप सोडवा, चाक काढा. टायरची कड सगळीकडून आतल्या बाजूला चेपत जा म्हणजे ती रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरते आणि सैल होते, मग लिव्हर घाला. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, दुसरं भोक पडतं. चाक कसं होतं ते लक्षात राहावं म्हणून टायरवरचं नाव नेहमी वॉल्व्हच्या समोर येईल असं मी बसवते, त्याचा फायदा पुढे सांगते.

ट्यूबमध्ये हवा भरून ओठांजवळून फिरवा, बारीक हवा कानापेक्षा ओठांना आधी कळते. नाही कळली तर बादलीत बुडवा आणि बुडबुडा आला तिथे बॉलपेनने फुली मारा. आता ट्यूब टायरवर धरा, वॉल्व्ह नावासमोर, म्हणजे काटा टायरमध्ये नेमका कुठे रुतलाय ते कळतं. तो काढल्याशिवाय पुढे जायचं नाही, बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून थेट बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा, काटा असेल तिथे कापूस अडकतो. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर मात्र काटा शोधू नका, तिथे रिमची पट्टी सरकून तारेचं टोक टोचत असतं, पट्टी सरळ करा किंवा बदला.

भोकाभोवती पॅचपेक्षा मोठा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करा, पुसा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. चार-पाच मिनिटं, त्याची चमक जाईपर्यंत. ओल्या सोल्युशनवर पॅच लावला की दोन दिवसांत सुटतो, आणि लोक पॅचला नावं ठेवतात. मग पॅच दाबून धरा, चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत रगडा, वर चिमूटभर टाल्कम पावडर चोळा म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही.

टायरला मोठा चिरा पडला असेल तर ज्यूसच्या खोक्याचा तुकडा कापून आतून लावा, घरापर्यंत नक्की येता. बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल करा, वॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून कड चढवायला सुरुवात करा आणि वॉल्व्हजवळ संपवा, शेवटचा भाग हाताच्या तळव्यांनी ढकला. हवा भरायच्या आधी वॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा आणि दोन्ही बाजूंनी बघा की ट्यूब कुठे कडेखाली चिमटलेली नाही ना.

बाकीचं, थोडक्यात

गिअर टाकल्यावर चेन मोठ्या दात्यावर चढायला कुरकुरत असेल तर वायर सैल झालेली असते, मागच्या डिरेलरजवळचा गोल अॅडजस्टर पाव फेरा उलटा फिरवा, बघा, परत पाव. बाजूचे दोन छोटे स्क्रू मात्र सोडून द्या, ते चुकले तर चेन तारांमध्ये पडते.

सीट बहुतेकांची खाली असते आणि गुडघे दुखतात. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. उंच करताना दांड्यावरच्या रेघेच्या वर काढू नका.

हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे ढकललेलं हेल्मेट काही वाचवत नाही. दोन्ही मडगार्ड पूर्ण लांबीची लावा, पुढच्याला खाली रबरी झडप असेल तर चेनवरही चिखल कमी उडतो. मागचा लाल दिवा पावसात दिवसाही चालू ठेवा. पोंचो वाऱ्यात फुगतो आणि चाकाकडे जातो, त्यापेक्षा जॅकेट आणि पँट बरी. ओढणी असेल तर गाठ मारून बॅगेत टाका, आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्याच, माझ्या मैत्रिणीची ओढणी चाकात गेली होती, गळ्याला वळ बरेच दिवस होते. सलवारीच्या उजव्या पायाला केसांचं जाड रबर लावलं की चेनमध्ये जात नाही.

काम सुरू करायच्या आधी हातांना थोडं खोबरेल तेल चोळा (त्याची जागा इथे), नंतर साखर आणि भांड्यांचं लिक्विड घेऊन चोळलं की काळं सगळं निघतं. कपड्यांवर चेनचा डाग पडला तर पाणी लावायच्या आधी लिक्विड थेट चोळून दहा मिनिटं ठेवा. बुटांत रद्दी कोंबा आणि दोन तासांनी बदला. क्रोमच्या हँडलवरचा गंज ओल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने निघतो, रंग उडालेल्या जागी नेलपॉलिशचा हात देऊन ठेवा.

चाक आऊट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस बदलणं, पायडलजवळचं बेअरिंग, हायड्रॉलिक ब्रेक, एवढं मी दुकानातच देते, त्याला हत्यारं आणि हात दोन्ही लागतात. पायडल मात्र घरी काढते, १५ चा पाना, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते लक्षात ठेवून.

सीटखाली मेडिकलची पांढरी चिकटपट्टी लावलीय, तिच्यावर चेन कधी बदलली, रबरं कधी बदलली ते मार्करने लिहिते. आत्ता तिच्यावर चेन १४ जून असं आहे, पुढचं माप गणपतीच्या आधीच्या रविवारी.